सातव्या भागाची पिन

आधीच सांगून टाकतो, आमचं घर बावीस प्रतिज्ञांचं. अंगात येणं, लिंबू-मिरची, अमावस्या... यातलं काहीही आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. त्यात मी यवतमाळच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये नोकरीला. कुणी भुताची गोष्ट सुरू केली की तिथे वायरिंग कसं होतं ते विचारणारा माणूस. या सदरातले अनुभव बायकोला वाचून दाखवत मी हसलोही आहे. आज स्वतःच लिहायला बसलोय, आणि भीती वाटते म्हणून नाही. शरम वाटते म्हणून.

'आखरी यान' ही हिंदी मालिका पन्नाशीच्या आसपासच्या वाचकांना आठवत असेल. ब्लॅक अँड व्हाइट, पुठ्ठ्याचं यान, थर्माकोलचे ग्रह... पण आम्ही श्वास रोखून पाहायचो. तिचा सातवा भाग एकदाच लागला. पुढे म्हणे ती टेप पुसून तिच्यावर दुसरंच काही भरलं. आता त्या भागातला एक फोटोसुद्धा कुठे मिळत नाही. आम्हा चाहत्यांचा एक ग्रुप आहे, आणि त्यात सातवा भाग पाहिलेला मी एकटाच. कोणी नवीन आलं की त्याला माझ्याकडे धाडायचे. मी सांगायचो, यान अडकतं, कप्तान बाहेर जातो... आणि मग थांबायचो. लहान होतो, एवढंच आठवतं म्हणायचो. लोक मान द्यायचे. मानाची चटक फार वाईट.

गेल्या हिवाळ्यात बाभूळगावच्या माझ्या मामांनी घर रंगवायला काढलं. पूर्वी ते लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचे. माळ्यावरून कॅसेटींचं खोकं निघालं आणि एका कॅसेटवर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं, 'यान – ७'. कधी, कुठून भरली, मामांना काही आठवेना. मी तिथूनच ग्रुपवर टाकलं, आता हातच्या काकणाला आरसा कशाला, दाखवतोच. कॅसेट आणि मामांचा जुना व्हीसीआर घेऊन मी माझ्या गावी गेलो. मारेगाव तालुक्यातलं, वणी रोडवरून आत जावं लागतं असं ते गाव. मालिका लागायची तेव्हा वस्तीत टीव्ही फक्त आमच्याकडे होता आणि सातवा भाग सगळ्या वस्तीने आमच्याच घरी पाहिला होता.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी सगळ्यांना थांबवून घेतलं. तीसेक माणसं असतील. बाहेर लख्ख ऊन, म्हणून खिडक्यांवर चादरी टांगल्या. पुढे खुर्चीवर माय. तिच्या शेजारी माझी बायको रंजना. ती उमरखेडची, तिने ही मालिका कधी पाहिलीच नव्हती. मी दोन शब्द बोललोसुद्धा, अगदी प्रमुख पाहुण्यासारखा, आणि प्लेचं बटण दाबलं.

मुंग्या. नुसत्या मुंग्या आणि खरखर.

व्हीसीआरच्या मागची पिवळी पिन सैल होती. मी टीव्हीच्या बाजूला उभं राहून ती दोन बोटांनी दाबून धरली. तिथून पडदा मला तिरका, पण स्वच्छ दिसत होता. तरीही मुंग्याच. कॅसेट कोरी निघाली, असं सांगायला मी तोंड उघडलं...

"आलं," माय म्हणाली. "आता हालू नको."

मला वाटलं, गंमत करतेय. मग मी बाकीच्यांकडे पाहिलं. सगळ्यांच्या नजरा एकाच वेळी डावीकडून उजवीकडे सरकत होत्या. एका जागी सगळे एकदम हसले. मी पिन सोडून पुढे आलो, तर सगळे ओरडले, गेलं! हात दुखतोय असं सांगून रंजनाला पिन धरायला लावली, तर कोणालाच काही दिसेना. मी धरली की दिसायचं. शेजारचा गौतमभाऊ वैतागून म्हणाला, "भाऊ, काहून हात काढून राह्यला? धर ना!"

मी धरून उभा राहिलो. शेवटी बायकांनी डोळ्यांना पदर लावले. रंजनासुद्धा रडत होती.

मला काही दिसत नाही, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. नाही बोललो. गौतमभाऊने कसा वाटला विचारलं, तर म्हणालो, आठवत होता तस्साच.

नंतर मी एकेकाला वेगवेगळं गाठून आडून आडून विचारलं. सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली. कप्तान यानाबाहेर तार धरून उभा राहतो, म्हणून आतल्या सगळ्यांना काचेतून पृथ्वी दिसते. त्याची स्वतःची मात्र पृथ्वीकडे पाठ असते. काचेजवळ कुणीतरी पाण्याचा पेला ठेवलेला, तोही सगळ्यांना दिसला होता. यवतमाळला परतल्यावर हे सगळं मी 'पाहिलं' म्हणून ग्रुपवर लिहिलं. ठासून लिहिलं. लोकांनी कॉपी मागितली. विहारात मी ग्रुपला दाखवायला मोबाईल स्टँडला लावून सगळं शूट केलं होतं, त्यात मुंग्या आहेत आणि माणसांचे आवाज. कॅसेट डिजिटल करून देणारा म्हणाला, ही नवीकोरी आहे, हिच्यावर कधी काही भरलेलंच नाही. ग्रुपवर मला खोटारडा म्हणणाऱ्यांशी मी तोंड वर करून भांडलो, ते वेगळंच.

मध्यंतरी सुट्टीत गावी गेलो. माय ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होती. मी पण बसलो सोलायला. तिने सहज विचारलं, शेवट आवडला का तुले, तो कप्तान हासते तो?

हो तर, मी म्हणालो. काय सुंदर हसतो.

तिने दोन-तीन शेंगा सोलल्या.

"तो हासत नाई रे. रडते," ती म्हणाली. "तवाबी टिनावरून उतरल्यावर तू मले असाच हो म्हनला होता."

मग तिने सांगितलं. त्या दिवशी वारा सुटला होता. अँटेना फिरत होती म्हणून तिचा पाइप धरायला मला घराच्या टिनावर चढवलं. मी पाइप सोडला की चित्र जायचं. खालून सगळी वस्ती ओरडायची, हालू नको. भाग संपेपर्यंत मी वरच होतो. उतरल्यावर तिने विचारलं, पाह्यला का? आणि मी हो म्हणालो. तेवढ्यावर मी सगळं आयुष्य काढलं, आणि देवाशप्पथ... बघा, आमच्या घरात हा शब्दही चालत नाही... पण खरंच, ते मला आठवत नव्हतं. तिने सांगितल्यावर हातातला गार पाइप आठवला. शरमेने मान वर होईना.

"या खेपेले तरी दिसन तुले, असं वाटलं होतं मले," ती म्हणाली.

कोऱ्या कॅसेटीत तीस माणसांना काय दिसलं, मला माहीत नाही. लॅबमध्ये सगळं तपासून झालं. पिन ठीक, व्हीसीआर ठीक. ग्रुपवर मी लिहून टाकलं आहे की सातवा भाग मी पाहिलेला नाही, तेव्हाही नाही आणि आताही नाही. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी गावी यावं. पिन मी धरतो.