आबांना उतरू दिलं नाही

विमानतळाच्या दारावर तिकिटं तपासणाऱ्या जवानाला माझ्या पिशवीतून डोकावणारी पत्र्याची नळी दिसली. "इसमें क्या है?" त्याने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत कठड्यापलीकडून बाबा ओरडले, "फौज के कागज है! मेरे पिताजी फौज में थे!" जवानाने नळी दोन्ही हातांनी परत दिली. बाबांची मान अशी ताठ झाली की मला निरोपाचं रडू यायच्या ऐवजी हसूच आलं.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. बाबा चिपळूणजवळच्या आमच्या गावी मुख्याध्यापक होते. त्यांचे वडील, म्हणजे माझे आबा, दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरपर्यंत जाऊन आले होते, म्हणून मला इथे सिंगापुरातच नोकरी लागल्यावर त्यांचे कागद माझ्याबरोबर यायला हवेत हा बाबांचा हट्ट. "नळी उघडू नकोस, कागद जीर्ण झालाय. कुणी विचारलं तर सांग, आबा फौजेत होते," एवढं त्यांनी निघताना तीनदा बजावलं. दरवर्षी सव्वीस जानेवारीला झेंडा फडकला की शाळेतल्या मुलांनाही ते हेच सांगत. मीही त्या रांगेत बसून ऐकलेलं आहे.

मला आबा थोडेसेच आठवतात. अंगणात बसून ते साबणाने हात कोपरापर्यंत धुवायचे. एकदा धुऊन झाले की पुन्हा धुवायचे. फौजी माणूस, शिस्तीचा, असं आम्ही समजायचो.

सिंगापूरने मला फार छळलं नाही, खोटं कशाला बोला. पहिल्या वर्षी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या स्वस्त खाऊगल्लीत, ताट घेऊन उभी राहायचे आणि कुठे बसावं ते कळायचं नाही. मग लक्षात आलं की रिकामी खुर्ची दिसली की बसायचं, एवढंच. शेजारी बसलेला माणूस नूडल्स खात असतो, त्याला तुमच्या आडनावाशी काही देणंघेणं नसतं. गावात मी पाण्यासाठी कुणाच्या ओट्याखाली उभी राहिले नाही, ती वेळ आबांची आणि आजीची. पण बाबांनी पाहिलं होतं, आणि ते माझ्यापर्यंत न सांगता आलं होतं. त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

आडनावाशी देणंघेणं आपल्याच लोकांना. सेरंगूनच्या आमच्या ब्लॉकमध्ये, मॉलमध्ये, एमआरटी मेट्रोत मराठी माणूस भेटला की आनंद होतो. दुसरं वाक्य ठरलेलं, "मूळ गाव कुठलं तुमचं?" गावावरून समाधान झालं नाही की मग "देवक कुठलं?" नाहीतर "गणपती किती दिवसांचा?" आमच्या घरात बुद्धमूर्ती आहे असं म्हटलं की चेहरा एकदम मोकळा होतो, कारण त्यांना हवं ते कळलेलं असतं. अशा वेळी मी हळूच पुस्ती जोडायचे, "आजोबा फौजेत होते." म्हणजे बाबांचं वाक्य मीही ढालीसारखं वापरलं. ते कबूल करायला हवं.

माझी मुलगी मैत्री इथेच जन्मली, नऊ वर्षांची आहे. फेब्रुवारीत इथल्या शाळा युद्धाची आठवण काढतात, तेव्हा लोकांनी तेच खाऊन दिवस काढले म्हणून मुलांना उकडलेलं रताळं खायला देतात. यंदा तिच्या वर्गात प्रदर्शन होतं, घरातली युद्धाच्या वेळची एखादी वस्तू आणायची आणि शेजारी कार्ड लिहायचं. मैत्रीने माळ्यावरची नळी काढली, आणि मी नको म्हणेपर्यंत झाकण उघडलंसुद्धा. आत एकच कागद होता. बोटीवरच्या नोकरीचा दाखला. बोटीचं नाव, अंगठ्याचा ठसा, नाव फक्त 'सखाराम', आणि हुद्द्याच्या जागी एक शब्द. "ममा, व्हॉट इज टोपस?" मैत्रीने विचारलं. "सोल्जर रँक इज इट?"

मला माहीत नव्हतं. मी बाबांना फोन लावला. 

"बोटीवरचे संडास साफ करणारा," ते म्हणाले.

मग त्या एका फोनवर त्यांनी चाळीस वर्षं गिळलेलं सगळं सांगितलं. गावकीची कामं नकोत, मेलेली ढोरं ओढायची नाहीत म्हणून आबा मुंबईला पळाले आणि गोदीत उभे राहिले. तिथल्या कारकुनाने जात विचारली आणि हातात झाडूच दिला. बोट मूळची साहेबलोकांच्या सफरींची, नाचघर, पोहायचा तलाव, झुंबरं. युद्धात तिला राखाडी रंग फासला, झुंबरं उतरवली, नाचघरात एकावर एक फळ्या ठोकून शिपाई झोपवले. तलावात सामान भरलं. चारशे माणसांसाठी बांधलेले संडास हजारोंनी वापरायचे, वर समुद्र लागलेला. "गोरा असो की काळा, पोट बिघडलं की सगळे माझीच वाट बघायचे," असं आबा म्हणत आणि हसत. सिंगापूरच्या धक्क्याला बोट लागली तेव्हा वर विमानं घिरट्या घालत होती. फौज उतरली. आबांनाही उतरायचं होतं, दोन पावलं का होईना, जमिनीवर. मुकादमाने उतरायच्या फळीवरून मागे ओढलं. फौज उतरली की बोट धुवायची, कारण परतीला शहर सोडून निघालेली बायका-मुलं भरायची होती. आबांनी बॉम्बच्या आवाजात संडास धुतले. आजारपण न पसरता ती बायका-मुलं सुखरूप पोहोचली. गावी आल्यावर लोकांनी विचारलं, कुठे होतास? ते म्हणाले, "फौजेच्या बोटीवर." त्यातली बोट लोकांनीच गाळली. आबांनी दुरुस्त केलं नाही आणि पुढे बाबांनीही नाही.

"पोरी, तिकडे हे लिहू नकोस," बाबा म्हणाले. "गावच्या ग्रुपवर येईल ते. मी झेंड्याखाली उभा राहून सांगितलंय इतकी वर्षं. काय तोंड दाखवू?"

मला बाबांचा राग आला. मग त्यांच्यावरचा राग उतरला आणि खऱ्या ठिकाणी गेला. ज्या माणसाने हजारो जिवांना हगवणीपासून वाचवलं त्याला गावात ताठ मानेने बसायला फौजेचं सोंग घ्यावं लागलं, ते कुणामुळे? आणि गंमत बघा. जुरोंग ईस्टच्या ऑफिसात मी काय करते? वापरलेलं, घाण झालेलं पाणी पुन्हा पिण्याजोगं करायचं, हेच माझं इंजिनिअरिंग. त्याबद्दल मला मान मिळतो, एसी मिळतो, भिंतीवर लावायला प्रमाणपत्र मिळतं. आबांनी तेच हातांनी केलं तर ती लाज?

समोरच्या काँडो सोसायटीतली केतकी, माझी पुण्याची मैत्रीण, मनाने चांगली आहे. ती म्हणाली, "अगं, 'सेलर' लिही ना. खोटंही नाही आणि बरंही दिसतं." मी म्हटलं, "केतकी, तुझे आजोबा कारकून होते. तू कधी 'कलेक्टर कचेरीत होते' एवढंच सांगून थांबलीस?"  मग तिनेच मैत्रीला जाड कार्ड कापून दिलं. मैत्रीच्या वर्गशिक्षिका मिस लिम यांनीही मायेने सुचवलं की 'क्रू' हा शब्द चालेल. मैत्री इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "बट ही क्लीन टॉयलेट, मिस लिम. व्हाय कॅनॉट से लाह?" मिस लिम हसल्या आणि म्हणाल्या, तुला हवं ते लिही.

तिने इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. मराठीत सांगायचं तर अशा: "माझे पणजोबा सखाराम. युद्धात त्यांनी फौजेच्या बोटीचे संडास स्वच्छ ठेवले, म्हणून लोक आजारी पडले नाहीत. त्यांना सिंगापूरला उतरू दिलं नाही. मी इथे राहते."

तो फोटो मी ग्रुपवर टाकला नाही. फक्त बाबांना पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. हट्ट माझा होता आणि किंमत म्हाताऱ्या बापाला मोजायला लावली, असं मनात येत राहिलं. तरी कार्ड मी काढून घेतलं नाही.

चौथ्या दिवशी, रविवारी दुपारी, त्यांचा फोन आला. "सकाळी विहारात वंदना झाल्यावर मी उभा राहिलो," ते म्हणाले. "तुझ्या पोरीचं वाचून दाखवलं. मग म्हटलं, आतापर्यंत मी खोटं सांगत होतो."

"मग?"

"मग काय, मागून आपल्या वाडीतला शांताराम उठला. म्हणाला, माझा बापही त्याच कामावर होता, आम्हीही फौजच सांगतो." बाबा हसले. मग एकदम मुख्याध्यापकाच्या आवाजात म्हणाले, "कार्डात चूक आहे. नाव अर्धं आहे. बोटीवाल्यांनी अर्धं लिहिलं म्हणून आपणही अर्धंच लिहायचं? सखाराम राघो जाधव. दुरुस्त कर."

दुरुस्त केलं. प्रदर्शन संपलं. तो दाखला आणि ते कार्ड आता आमच्या हॉलमध्ये एकाच फ्रेममध्ये आहेत, बुद्धमूर्तीच्या शेजारी. गावी असणाऱ्यांनो आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, घर कुठलं असं विचारलंत तर मी आता ही भिंत दाखवते. जिथे आबांचा खरा कागद उजेडात लावता येतो ते माझं घर. मूळ गाव विचारणाऱ्या पाहुण्यांना मी आपण होऊन फ्रेमपाशी नेते आणि सगळं वाचून दाखवते. त्यानंतर ज्यांना माझ्या हातचा चहा गोड लागत नाही, त्यांच्यासाठी लिफ्ट समोरच आहे.

बाबा पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच इथे येतायत. मी काय काय दाखवायचं त्याची यादी सांगत होते, बागा, पूल, माझं ऑफिस. त्यांनी मध्येच थांबवलं.

"ते सगळं नंतर. विमानाने येतोय खरा, पण आधी मला एखाद्या बोटीत बसव आणि तिथल्या धक्क्यावर उतरव. आबांचं उतरायचं राहिलंय."