आतोबांचा वाटांचा कागद

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. आत्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आतोबांना ओळखत नाही — जरा सोपं पडतं.

आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. धारला शाळेत भूगोल शिकवायचे. मांडूच्या पठाराखाली दरीत एक लहान गाव आहे. त्याच्या आसपासच्या रानात ते चाळीस वर्षं पायी हिंडले. पावसाळ्यात तिथे इतकं दाट होतं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. तिथल्या तीन वाटा त्यांनी एका कागदावर उतरवल्या होत्या — कुठल्या खुरासानी इमलीपाशी, म्हणजे गोरखचिंचेपाशी, वळायचं, ओढा कुठे ओलांडायचा, डबा खायला खडक कुठला बरा. आम्ही देवासची, कारखान्यांत नोकऱ्या करणारी मराठी मंडळी. दर श्रावणात आमची पंधरा-वीस घरं त्या कागदाच्या झेरॉक्स घेऊन तिकडे फिरायला जायची. आतोबांचा नियम एकच. आधी कुणीतरी वाट चालून यायचं, मगच झेरॉक्स काढायच्या. "रान दर साली बदलतं," म्हणायचे.

त्यांचे गुडघे गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. दोन वर्षं मी ते नीट केलंही. तिसऱ्या वर्षी — काय सांगू? पाऊस होता, बूट नवे होते, आणि मुळात मला कंटाळा आला होता. मांडूत भुट्टेवाल्याच्या ताडपत्रीखाली बसलो. "बैठो भिया, पानी अब्बी नी रुकेगा," तो म्हणाला. मला तेवढं निमित्त पुरलं. दोन भुट्टे, तीन चहा. वरूनच दरीचे फोटो काढले आणि परतताना आतोबांना सांगितलं, सगळं जसंच्या तसं आहे.

नव्हतं. त्याच उन्हाळ्यात ओढ्यावर पाणी अडवायला स्टॉप डॅम बांधला होता. आमची मंडळी पोचली तेव्हा ओलांडायची जागा छातीभर पाण्याखाली. मीही होतोच की त्यांच्यात! बाजूच्या चढावरून वळसा घालताना आमच्या शेजारच्या वहिनी, साठी उलटलेल्या, घसरल्या आणि त्यांचा पाय मोडला. गावकऱ्यांनी त्यांना खाटेवर घालून सडकेपर्यंत आणलं. वाट बघायला आता मी जातो, हे मंडळींना ठाऊक नव्हतं. परतीच्या बसमध्ये सगळे म्हणाले, आतोबांचं आता वय झालं. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

पण एवढंच असतं तर मी आज लिहायला बसलो नसतो. आळस काय, कोणीही करतो.

दुसऱ्या दिवशी धारला गेलो. खरं सांगायचं ठरवून गेलो होतो — निदान मला तसं वाटत होतं. आतोबांना फोनवर सगळं कळलं होतं; ते कागद मांडीवर घेऊन बसले होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "डॅमचं तू मला सांगितलं असशील रे. माझ्याच ध्यानातून गेलं, काय?"

मी म्हणालो, "हो आतोबा. सांगितलं होतं."

त्यांनी कागदाची घडी घातली. चिडले असते तर बरं झालं असतं. तसल्या गुडघ्यांनी, इंदूरला बस बदलून, ते वहिनींची माफी मागायला देवासला आले. त्यानंतर रानाचं नाव काढलं नाही. हळूहळू त्यांचा स्वतःवरचा भरवसाच उडाला. गॅस बंद केलाय का, ते तीनतीनदा बघायचे. जन्मभर पाठ असलेली आरती पुस्तकात बघून म्हणायला लागले. आत्या त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने स्मरण उत्तम आहे. आतोबांना ते पटलं नाही. तेव्हा तरी मी बोलायला नको होतं का? एक वाक्य पुरलं असतं. मला लाज वाटत होती, आणि त्यांच्यापेक्षा मला माझी लाज मोठी वाटली.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. शेवटी शेवटी काही जुनं सांगायला लागले की मध्येच अडायचे आणि माझ्याकडे वळायचे. माझी आठवण पक्की, असं त्यांनी धरलं होतं.

"बरोबर सांगतोय ना रे मी?"

प्रत्येक वेळी ते बरोबरच असायचं.