खुर्चीतला डमी

३० एप्रिल १९८१, मोहाडी, आमची शाळा. हजर: निवृत्त होणारे हेडमास्तर, त्याच दिवशी निवृत्त होणारे शिपाई डोमाजी, नाकाडोंगरीहून मुद्दाम आलेली त्यांची बायको सखूबाई, व्यवस्थेला मी, इथली शिक्षिका, आणि भंडाऱ्याचे फोटोग्राफर दिगांबरजी.

दिगांबरजींइतका स्वतःवर खूश माणूस मी दुसरा पाहिला नाही. गळ्यात दोन कॅमेरे. त्यातला एक बिघडलेला, नुसता शोभेचा. "चेहरा कोणाचाही राहो, लाइट माही असते," हे त्यांचे ब्रीद. मोठ्या माणसाला दिव्यांपुढे ताटकळत ठेवायचे नाही, हा नियम. म्हणून दिवे जुळेपर्यंत खुर्चीत डमी बसवत. डमी कायम गरीब. गरिबाला उकडत नाही, अशी त्यांची समजूत असावी.

"डोमा, बस बे खुर्चीवर. साहेबाले घाम नाही आला पाह्यजे."

डोमाजी घुटमळले. ती खुर्ची ते रोज पुसत, बसले कधीच नव्हते. "बाबूजी, माहा फोटो काढान ना?" जन्मात त्यांचा एकही फोटो निघाला नव्हता. त्यासाठीच नवा सदरा शिवला होता.

"काढतो ना शेवटी. हनुवटी वर घे. हालू नको!"

दिवे इकडून तिकडे सरकत राहिले. सदरा पाठीला चिकटला. दिगांबरजींनी फ्लॅश उडवून पाहिला, तशी सखूबाई हरखली. "निंगला जी तुमचा फोटो!" दिगांबरजी नुसते हसले. तिला खरे सांगण्याइतकीही तिची किंमत त्यांना वाटली नाही.

मग हेडमास्तर आले. बसून, उभे राहून, हारासह, हाराविना फोटो झाले. शेवटी मीच डोमाजींना पुढे केले.

"रील खतम झाली ना मॅडम. आता काय पोटातून काढू?"

"पण मघा यांच्यावर उजेड पडला ना जी?" सखूबाई म्हणाली.

"तो खाली फ्लॅश होता बाई, फोटो नाही." आणि माझ्याकडे वळून, "याच्या तोंडावर लाइट मस्त बसली होती. तेच साहेबाच्या कामी आली." हे त्यांनी कौतुक म्हणून सांगितले. वर चहा मागितला.

हेडमास्तरांचा फोटो मोठा करून दिगांबरजींनी आपल्या दुकानात लावला आहे. गिऱ्हाईक असो-नसो, त्याची तारीफ स्वतःच करत असतात.

गेल्या पावसाळ्यात डोमाजी वारले. परवा त्यांची मुलगी घरी आली. "मॅडम, भिंतीवर लावाले बाबाचा फोटो पाह्यजे. शाळेत असन ना एखादा?"

पाहून सांगते, मी म्हणाले. पाहण्यासारखे काही नाही. सांगायचे तेवढे राहिले आहे.