दहा किलो हळद

गाडी दुकानासमोर थांबली की कुशनवाले मामा नमस्काराच्या आधी सीटबेल्टला हिसका द्यायचे. आखाडा बाळापूरच्या रस्त्याला त्यांचं गाड्यांची सीट कव्हरं शिवायचं दुकान. बेल्टची जागा झाकणारं कव्हर कुणी मागितलं की म्हणायचे, "दुसरं दुकान बघा." भीडभाड कसली ती नाहीच.

आम्ही गाडी घेतली तेव्हा त्यांच्याकडेच गेलो. पुढे मानाच्या सीटवर मी, मांडीवर दहा महिन्यांची ओवी. भावानं दिलेली लेकरांची सीट डिकीत, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली. आईची मांडी असताना पोरीला खुर्चीत कशाला बांधायचं, असं सासूबाईंचं म्हणणं. खोटं कशाला बोलू, माझंही तेच होतं.

मामांनी ओवीला उचलून मामींकडे दिलं आणि माझ्या मांडीवर हळदीचं पोतं ठेवलं. "दहा किलो हाय. लेकरू समजून धरा." मला बेल्ट लावायला लावला, स्वतः मागे बसले. नवऱ्याला काहीतरी कानात सांगितलं.

गावाबाहेर रस्ता मोकळा होता. पोतं छातीशी धरून मी मनात हसत होते. काय हा म्हातारा! तेवढ्यात मामांनी नवऱ्याच्या खांद्यावर थाप मारली आणि त्यानं करकचून ब्रेक दाबला. पोतं समोर आदळलं, फुटलं, काचेपर्यंत सगळं पिवळं झालं.

"धरलं व्हतं ना घट्ट?" मामांनी विचारलं.

माझे हात छातीशी तसेच आवळलेले होते. त्यांत काही नव्हतं.

"हा तर नुसता ब्रेक. ठोकर न्हाई."

परत आल्यावर त्यांनी डिकीतली ती लेकरांची सीट मागच्या बाकावर, ओवीचं तोंड मागच्या काचेकडे येईल अशी बसवली. गुडघा रोवून बेल्ट ओढला. "बोटभर हलली तरी परत बांधायची. रडली तर गाडी थांबवा, मगच काढा." मी नुसती मान हलवत होते.

यंदा मामा गेले. मी मामींना भेटायला गेले तेव्हा त्यांना त्या दिवसाचं सगळं सांगितलं.

"आमची नात त्यांच्याच मांडीवर व्हती, बाई," त्या म्हणाल्या. "पुढच्या सीटवर. गाडी पुलाला धडकली. दवाखान्यात जो तो त्यांनाच विचारून राहिला व्हता, धरलं व्हतं ना घट्ट? ते व्हय म्हणायचे. कुणाला खरं वाटलं न्हाई."

पदर तोंडाला लावून त्या पुढे म्हणाल्या, "मला बी न्हाई."