सखूमावशीनं मागं घेतलेला शब्द

बाळंतिणीच्या खोलीत शिरली की सखूमावशी आधी बाळाकडं नाही, दांडीवरच्या कपड्यांकडं बघायची. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचं धोतर ओढायची आणि दातानं टरकावून लंगोट करायची. थोरल्या नातवाच्या वेळी माझी दोन धोतरं गेली. मी ओरडलो तर म्हणते, "आबा, नवं कापड लेकराला टोचतं. म्हाताऱ्याचं घातलं की आयुष्य लागतं. तुमचं काय, नागवं थोडंच फिरताय?"

कार्ल्याच्या बाजूच्या गावांतली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हाली. त्यामुळे तिचा शब्द बायांना देवाचा. त्यातला एक असा : "लेकराचा लंगोट चुलीत घालायचा न्हाई, लेकराच्या अंगाची आग व्हते. फाटला की वाहत्या पाण्याला द्यायचा." जुनं सुती कापड, कुजून जायचं. कुणाचं काही बिघडलं नाही.

मग डायपर आले. बायांनी शब्द तसाच पाळला. जाळायचं नाही, म्हणून टाक ओढ्यात! पाणी पिऊन फुगलेले ते गोळे माझ्या बांधाखालच्या, खाचरात पाणी आणणाऱ्या मोरीत अडकायचे. ऐन भातलावणीत खाचर कोरडं आणि मी वाकून घाण उपसतोय. मी चौथी नापास, पण प्लास्टिक कुजत नाही हे मला कळतं. शिकलेल्यांना कळत नाही.

एक दिवस तसलाच एक काठीला लावला आणि थेट तिच्या दारात नेला. "मावशी, हा बघ तुझा शब्द."

तिनं वाकून नीट बघितलं. "आबा, म्या कापडाचं सांगितलं हुतं."

"मग जा, सांग सगळ्यांना."

गेली. गुडघे धरत घरोघर गेली. "ह्ये पाण्यात टाकू नगा. माझा शब्द मी मागं घेते. लंगोट शिवा." मी मागं मागं, मोठ्या तोऱ्यात.

माझ्याच घरी अडलं. धाकट्या सुनेला तान्हं पोर, आणि ती खंडाळ्याच्या हॉटेलात कामाला. ती म्हणाली, "मावशी, लंगोट चांगलाच. पण दिवसाचे पंधरा धुयाचे कुणी? मी सकाळीच जाते."

मावशी माझ्याकडं वळली. "आबा दिसभर ओसरीवरच हायेत की! काय वो, हात मोडल्यात का?"

जमलेल्या बाया फिदीफिदी हसल्या. बाईमाणसांत माझी अब्रू काढली म्हणून मी मावशीशी बोलणं टाकलं. पुढच्या पावसाळ्याआधी ती गेली. बोलायचं राहिलंच.

आता बाया तिचं नाव काढून डोळे पुसतात आणि डायपर ओढ्यातच टाकतात. मी भांडतो, "अगं, तिनं शब्द मागं घेतला होता, मी स्वतः साक्षीला होतो!"

परवा एकीनं विचारलं, "व्हय आबा, पर तुमच्या घरचे कुटं जात्यात?"

मी काठी उचलली आणि मोरीकडं गेलो.