मानाचं बटण

दुसऱ्याच्या घरच्या विजेवर माझ्या थोरल्या साडूंइतक्या हक्काने राज्य करणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत सापडायचा नाही. ते राहतात ऐरोलीला, मी सानपाड्याला, आणि माझ्या गाडीत वीज कधी जायची ते ठरवणार हे! चार्जर माझा, मीटर माझं, भिंत माझी. उरणजवळच्या मोरा बंदराच्या धक्क्यावर मासळीच्या लिलावात आवाज चढवून मी वर आलो. भल्याभल्यांना मला गुंडाळता आलं नाही. गुंडाळलं ते या एका माणसाने, तेही मीच हातात नारळ दिल्यावर.

साडूंना मोकळं बटण दिसलं की राहवत नाही. कुणाकडेही गेले की पाण्याच्या आधी रिमोट हातात घेतात. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात "कशाला फुकट जाळताय?" म्हणत त्यांनी हॉलचा एसी बंद केला, भटजींनी घामाघूम होऊन विधी निम्म्यावर आणले. रागवावं तर हे स्वतःच्या रुमालाने नवऱ्या मुलाचा घाम पुसत उभे.

आमच्यात नवी वस्तू घरच्या वडीलधाऱ्याच्या हाताने सुरू करायची रीत आहे. दसऱ्याला चार्जर बसला तेव्हा नारळ त्यांनी फोडला, झेंडूचा हार त्यांनी घातला आणि पहिलं बटणही मानाचं म्हणून त्यांनीच दाबलं, स्वतःच्या फोनवर. चार्जर ज्या फोनला पहिल्यांदा जोडला जातो तो त्याचा मालक, हे मला नंतर कळलं. माझ्या फोनवर माझ्या नावापुढे आलं, 'पाहुणा'. पाहुण्याने फक्त बघायचं.

एकदा अमावास्येला गाडी बाहेर काढायची नाही म्हणून त्यांनी आदल्या संध्याकाळीच ऐरोलीत बसून चार्जर बंद केला. मी बघितलं नाही. उरणच्या रस्त्यावर गाडी बंद पडली आणि पापलेटचा लिलाव माझ्याशिवाय झाला. रस्त्यातूनच फोन लावला.

"दादा, चार्जर आजच्या आज माझ्या नावावर करा!"

"दिलेला मान कोन परत मागतं काय रे? शोभतं तुला?"

"मान नारळाचा दिला होता, चार्जरचा नाय!"

"आवाज खाली. बीपी वाढंल तुझा."

घरी बायको त्यांच्याच बाजूने. "माझ्या ताईच्या नवऱ्याला उलट बोलायचं नाय हां!"

मग मीही पेटलो. नातं तुटलं तर तुटू दे. कंपनीचा माणूस बोलावला, त्याने चार्जरमधलं जुनं सगळं पुसून तो माझ्या फोनला जोडून दिला. मालक मी! पार्किंगमध्ये उभं राहून मी वॉचमनला दाखवलं: चालू, बंद, चालू.

तेवढ्यात त्यांचा फोन.

"अरे, तुझा चार्जर माझ्या फोनात दिसत नाय. लाइट गेली काय तुमच्याकडं?"

भांडायची वाक्यं मी आठवडाभर घासून ठेवली होती. पण पलीकडून टीव्हीचासुद्धा आवाज येत नव्हता. थोरली मेहुणी गेल्यापासून त्या घरात बटणं दाबणारे ते एकटेच.

"हो दादा," मी म्हणालो, "गेलीय."

"येईल रे. टेन्शन घेऊ नको. मी बसलोय फोन घेऊन, आली की लावतो."

माझ्यासमोर गाडी झकास चार्ज होत होती.

चार्जर मी सोडणार नाही, हे लिहून घ्या. पण रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो, "आली काय रे?" आणि आमच्याकडची लाइट अजून आलेली नाही.