मासोळीची पाणमोट

पोहण्याच्या तलावावर तिला सगळे मासोळी म्हणत. पोहायला शिकवणं हे तिचं काम, आणि कामात बाई भारी खमकी. पाण्याला घाबरणाऱ्या पोरांना ती असं काही चिडवायची की रडता रडता पोरं हसायची आणि हसता हसता पाण्यात उतरायची. नववा महिना सरत आला तरी ही घरी बसायला तयार नाही. "आई, पाण्यात मला वजनच नसतं, घरीच जड होतं," असं ती सासूबाईंना ऐकवायची. सासूबाई कपाळाला हात लावायच्या.

शेवटच्या तपासण्यांत तिच्या अंगात ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस नावाचे जंतू सापडले. डॉक्टरबाईंनी बजावलं, "तुला त्यांचा त्रास नाही, पण जन्मताना बाळाला लागण झाली तर जिवावर बेतू शकतं. पाणमोट फुटली की कळांची वाट बघायची नाही, तडक यायचं. शिरेतून औषध सुरू करू." मासोळीने मान डोलावली. पाणमोट फुटली की कळेलच, त्यात काय एवढं!

आणि फुटली नेमकी तलावात. ओल्याचिंब बाईला ते कळणार कसं? बाहेर येऊन तिने अंग पुसलं, कपडे बदलले, बाकावर बसली, तर बाक ओला. केस निथळत असतील म्हणून पुन्हा कपडे बदलले. पुन्हा ओले. मग तिने कपडा नाकाशी नेला. तलावाच्या क्लोरीनचा वास ती झोपेतही ओळखेल, आणि इथे तो नव्हताच.

"अगं बाई, हे तर माझं पाणी!" ती ओरडली.

फोन जाताच नवरा गाडी घेऊन धावत आला, सोबत सासूबाई.

"कळा येताहेत का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग दोन घास खाऊन निघ. याच्या वेळी मला अख्खा दिवस लागला होता."

"आई, बाळ तुमच्या मुलासारखं आळशी निघालं तर बरंच आहे. पण औषध आधी!"

नवऱ्याला हसावं की रागवावं ते सुचेना. आभाळ कोरडं ठणठणीत, आणि हा पठ्ठ्या वायपर चालू ठेवून गाडी हाकत होता.

दवाखान्यात नर्सने सुई लावली, पेनिसिलिन सुरू झालं, आणि पाठोपाठ कळाही. बाळाच्या बचावासाठी औषधाला चारेक तास मिळाले तर उत्तम, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. कळांना कुठली सबुरी! जन्मभर पोरांना "पुढे, पुढे!" म्हणून ओरडलेली मासोळी आता पोटावर हात ठेवून विनवत होती, "थांब रे राजा, जरा थांब." सासूबाई जेवण विसरून भिंतीवरच्या घड्याळाला शिव्या देत होत्या. चार तास भरले आणि नर्सने दुसरा डोस लावला तेव्हा त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

"आता ये, हवं तेव्हा ये!" मासोळी म्हणाली. मुलगी झाली आणि खोली दणाणून सोडत रडली.

"आवाज झकास आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, "तरी दोन दिवस लक्ष ठेवू. ताप, धाप, दूध न पिणं, काहीही वाटलं तर सांगायचं."

मासोळीने ते दोन दिवस पोरीच्या छातीवरची नजर हलवली नाही. येईल त्याची थट्टा मात्र चालूच होती. शेवटी डॉक्टरबाईंनी बाळाला नीट तपासलं आणि म्हणाल्या, "काही झालेलं नाही हिला. घरी न्या."

मासोळीने हसायला तोंड उघडलं आणि ढसाढसा रडू लागली. सासूबाईंनी नात उचलून तिच्या कुशीत दिली.

"रड पोरी," त्या म्हणाल्या. "मी दोन दिवस दाराबाहेर तेच करत होते."